कार्डावर ‘रंजक’ ६८ आलंय, तरी डीएपीच्या रांगेत थांबायचं काय?

निपाणी_शिवार

नमस्कार मंडळी. वेदगंगेच्या काठाला दोन तुकडे आहेत. दोन्ही काळी रानं, नांगरट केली की पांढरे चुनखडे वर येतात. एकात सोयाबीन, दुसऱ्यात उसाची नवी लागण. मृदा कार्ड कन्नडात आहे. आपण ज्याला स्फुरद (फॉस्फरस) म्हणतो ते तिथं ‘लभ्य रंजक’ म्हणून छापलंय, एवढं समजून घेतलं.

सोयाबीनचं रान: सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४८, रंजक ३१, जस्त ०.४
उसाचं रान: सामू ८.३, सेंद्रिय कर्ब ०.५६, रंजक ६८, जस्त ०.५, लोह ३.१

आमच्या पट्ट्यात उसाला लागणीला एकरी तीन पोती डीएपी (१८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरदाचं खत) आणि भरणीला, म्हणजे मातीची भर लावताना, तीन पोती १०:२६:२६ (नत्र:स्फुरद:पालाश, टक्क्यांत) हा रिवाज. यंदा डीएपीला रांग आहे, आणि नंबर लागला तरी पोत्याबरोबर नॅनो डीएपीची (फवारायच्या पातळ खताची) बाटली गळ्यात मारतात. म्हणून चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१) या आकड्यांवर एवढं स्फुरद लागतं काय?
२) डीएपी नाहीच मिळाली तर काय, किती आणि कसं?
३) धारवाडची शिफारस एक, पलीकडे कागलात महाराष्ट्राची दुसरी. कुणाची धरायची?
४) फॉस्फेटच्या खाणी तीस वर्षांत संपणार म्हणतात. दोन वर्षांचा साठा करून ठेवावा काय?

माती_पाणी

आधी कार्ड नीट वाचू, कारण तुमचा ३१ चा आकडा फसवा आहे.

काही अहवालांत स्फुरद ‘पी’ (नुसता फॉस्फरस) म्हणून देतात, काहींत ‘पी२ओ५’ (त्याचं ऑक्साइड) म्हणून. दोन्ही हेक्टरी किलोतच असतात, पण पी ला २.२९ नं गुणलं की पी२ओ५ होतं. म्हणजे ३१ पी म्हणजे ७१ पी२ओ५. खताच्या पोत्यावरचा आकडा मात्र कायम पी२ओ५ चा. कुठलं धरलंय ते ओळखायला कार्डावर कमी-मध्यम-जास्तची जी मर्यादा छापलेली असते ती बघा. मध्यम म्हणून १० ते २५ असेल तर तो पी आहे. २३ ते ५७ च्या आसपास असेल तर पी२ओ५. पहिल्या हिशेबानं तुमचं सोयाबीनचं रान ‘जास्त’मध्ये जातं, दुसऱ्यानं ‘मध्यम’मध्ये. उसाचं ६८ कुठल्याही हिशेबानं ‘जास्त’च.

दुसरी गोष्ट, तपासणीची पद्धत. सामू ८ च्या रानाला ऑल्सेनची पद्धत हवी, त्यात खायच्या सोड्यातला बायकार्बोनेट वापरतात. ब्रेची पद्धत आम्लारी मातीची. तिच्यातलं आम्ल चुनखडीनंच मरतं आणि आकडा खोटाच कमी येतो. कार्डावर पद्धत लिहिलेली नसेल तर प्रयोगशाळेत एवढंच विचारा: “ऑल्सेन की ब्रे?”

आता उसाचा हिशेब मांडतो. तीन पोती डीएपी म्हणजे ६९ किलो स्फुरद, कारण एका ५० किलोच्या पोत्यात २३. तीन पोती १०:२६:२६ म्हणजे आणखी ३९. एकूण १०८ किलो एकरी.

धारवाड कृषी विद्यापीठाची उसाची शिफारस हेक्टरी २५०:७५:१९० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) आहे. एकराला स्फुरद आलं ३० किलो. महाराष्ट्राची ‘सुरू’ (बारा महिन्यांच्या) उसाची २५०:११५:११५, म्हणजे एकरी ४६. आडसालीची ४००:१७०:१७०, म्हणजे एकरी ६८. कुणाची धरायची याचं उत्तर असं, की आडसालीचा आकडा सोळा-अठरा महिन्यांच्या पिकाचा आणि मोठ्या उताऱ्याचा आहे, तो बारा महिन्यांच्या लागणीला लावू नका. पण दोन्हीतला सगळ्यात मोठा आकडा धरला तरी तुमचा रिवाज त्याच्या दीडपटीवर जातो.

पीक उचलतं किती? १०० टन ऊस साधारण ५० किलोच्या आसपास स्फुरद उचलतो. एकरी ४० टन निघाला तर वीस-एकवीस किलो. १०८ घातलं, २१ गेलं, ८७ रानात राहिलं. दरवर्षी. कार्डावर ६८ उगीच नाही आलं.

ते रानात राहतं म्हणजे वाया जातं असं नाही, आणि हातातही राहत नाही. चुनखडीच्या रानात विरघळलेलं स्फुरद काही दिवसांत कॅल्शियमशी जोडलं जातं आणि हळूहळू पक्कं होत जातं. घातलेल्या खतातलं पहिल्या पिकाला १५ ते २५ टक्केच मिळतं, बाकी ठेवीत पडतं. ठेव मोठी झाली की मुळांना रोजचा पुरवठा तिच्यातूनच होतो. तुमच्या उसाच्या रानात ती स्थिती आलेली आहे.

शिफारशीची सर्वसाधारण रीत अशी: माती ‘कमी’त असेल तर मात्रा पाव हिश्शानं वाढवायची, ‘जास्त’त असेल तर पाव हिश्शानं घटवायची. उसाला ३० चे साडेबावीस झाले. म्हणजे एकरी एक पोतं डीएपी, तेही लागणीला. भरणीला स्फुरद शून्य.

आणि इथंच माणसं फसतात. सहा पोत्यांचं एक केलं की स्फुरदाबरोबर नत्र आणि पालाशही जातं. तुमच्या बाबतीत ३३ किलो नत्र आणि ३९ किलो पालाश कमी पडेल. ते ७२ किलो युरिया (४५ किलोची दीड पोती आणि वर थोडा) आणि सव्वा पोतं म्युरेट ऑफ पोटॅश घालून भरून काढा. युरिया एका दमात नको, दोन हप्त्यांत द्या. हे केलं नाही की ऊस पिवळा पडतो आणि गावभर होतं, “बघा, डीएपी बंद केली म्हणून.”

जस्त ०.४ आणि ०.५. मर्यादा ०.६ ची. लोह ३.१, तेही ४.५ च्या खाली. उसावर केवडा पडत असणार, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं-पांढरं. सामू हे पहिलं कारण, पण जादा स्फुरद जस्त आणि लोह दोन्हीची वाट अडवतं. एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटच्या त्याच ओळीत टाकू नका, जस्ताचं फॉस्फेट होऊन बसतं.

कुरी_आणि_पाभर

वरचा हिशेब बरोबर आहे. मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, डीएपीऐवजी काय.

सिंगल सुपर फॉस्फेट: १६ टक्के स्फुरद, ११ टक्के गंधक, शिवाय कॅल्शियम. ५० किलोत ८ किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक. एका डीएपीची बरोबरी करायला तीन पोती सुपर (जरा जास्तच) आणि २० किलो युरिया.

स्वस्त कुठलं हे पोत्याच्या किमतीवरून कळत नाही. डीएपी १३५०. त्यातल्या ९ किलो नत्राची युरियाच्या भावानं किंमत वजा करा, साधारण ११५ रुपये. राहिले १२३५, भागिले २३, म्हणजे स्फुरद किलोला ५४ रुपयांच्या आत. सुपरच्या पोत्यात ८ किलो, तेव्हा ४३० च्या वर पोतं गेलं की नुसत्या स्फुरदाच्या हिशेबानं डीएपीच स्वस्त पडते. सुपर घ्यायचं ते गंधकासाठी. सोयाबीन, भुईमूग, कांदा यांना ते दिसून येतं, तेलबियांत तर नक्कीच. ऊसवाल्यानं फक्त स्वस्त म्हणून सुपरमागं पळू नये.

सोयाबीनला धारवाडची शिफारस हेक्टरी ४०:८०:२५, एकराला १६:३२:१०. रान ‘मध्यम’ निघालं तर चार पोती सुपर आणि ३५ किलो युरिया. ‘जास्त’ निघालं तर तीन पोती सुपर, युरिया तेवढाच. आणखी एक मार्ग २०:२०:०:१३ (शेवटचा आकडा गंधकाचा). दीड पोत्यात १५ नत्र, १५ स्फुरद, दहाच्या आसपास गंधक. जास्तच्या रानात एवढ्यावर भागतं असं माझं मत, पुस्तकातली पाव हिश्शाची कपात त्याच्या आधी थांबते हे मान्य.

आता पेरताना काय बिघडतं ते.

सुपर आणि युरिया आदल्या रात्री मिसळून ठेवू नका. सुपरमध्ये थोडं मोकळं आम्ल आणि स्फटिकातलं पाणी असतं, युरिया ते ओढून घेतो. सकाळी पोत्यात चिखल. कुरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) नळ्या तुंबतात आणि तासभर कुणाच्या लक्षात येत नाही, उगवण झाल्यावर ओळीच्या ओळी फिक्या दिसतात तेव्हा कळतं. मिसळायचंच तर बांधावर, लागेल तेवढं, आणि लगेच पेरायचं.

खत बियाला चिकटता कामा नये. चुनखडीच्या रानात डीएपीतून अमोनिया सुटतो, आणि सोयाबीनचं बी त्या बाबतीत नाजूक. मोड जळतो. बियाच्या बाजूला दोन बोटं आणि खाली दोन बोटं, साधारण पाच सेंटिमीटर, एवढं अंतर ठेवा. दोन नळ्यांचं पेरणी यंत्र असेल तर खताचा फाळ एक चावी खाली सोडा.

स्फुरद जमिनीत चालत नाही. जिथं पडलं तिथून दोन-तीन सेंटिमीटर हलतं, बस्स. उभ्या उसात वरून फेकलेली डीएपी ही सरीच्या पाठीवर ठेवलेली डीएपी. मुळं खाली, खत वर, आणि वरचा थर दोन दिवसांत वाळतो. लागणीला सरीच्या तळाशी टाकून, वर चार बोटं माती ओढून, मग कांडी. याच्यात एका पोत्याचं जे काम होतं ते वरून फेकलेल्या तीन पोत्यांत होत नाही.

सुपर थेट टाकण्याऐवजी शेणखतात मुरवलं तर चुनखडीचा मारा कमी लागतो. एका पोत्याला पाच-सहाशे किलो चांगलं शेणखत, थराला थर, ओल मुठीत दाबली तर गोळा होईल एवढी, वरून पाचट. महिनाभर. शेणातला अमोनियाही सुपर धरून ठेवतं, म्हणून असा ढीग डोळ्याला झोंबत नाही.

निपाणी_शिवार

कार्ड परत बघितलं. मध्यम म्हणून २३–५७ छापलंय. म्हणजे पी२ओ५. सोयाबीन ‘मध्यम’ला आलं.

दोन शंका. डीएपी खरी की खोटी हे घरी कसं ओळखायचं? गाडीवरून येऊन विकणारे वाढलेत. आणि नॅनोची बाटली पोत्याच्या जागी चालते काय?

कुरी_आणि_पाभर

निपाणीत राहून हे विचारताय! तंबाखूच्या चंचीतला चुना काढा. तळहातावर डीएपीचे आठ-दहा दाणे, त्यावर बोटभर चुना, दोन थेंब पाणी, आणि अंगठ्यानं तंबाखू मळतात तसं मळा. अस्सल असेल तर झटकन अमोनियाचा वास नाकात शिरतो, असा की मान मागं जाते. वास आला नाही तर ते दाणे सुपरचे किंवा रंगवलेल्या मातीचे. दुसरी खूण, गरम तव्यावर दाणे टाका. डीएपी फुगते, सुपर फुगत नाही. नखानं दाणा सहज फुटला तरी शंका घ्या, डीएपीचा दाणा टणक असतो.

वास आला म्हणजे १८:४६ पूर्ण आहे असं नाही, अमोनियाचं दुसरं कुठलंही खत चुन्याबरोबर वास देतं. १०:२६:२६ ला सुद्धा येतो. पक्कं प्रयोगशाळाच सांगते. गाडीवरचं घेऊच नका. बिल आणि मशीनवरचा अंगठा नसेल तर तक्रारीला जागाच राहत नाही.

बाटलीचा हिशेब: अर्धा लिटर, ८ टक्के नत्र, १६ टक्के स्फुरद. म्हणजे ८० ग्रॅम स्फुरद. पोत्यात २३ किलो. बरोबरी करायला पावणेतीनशेच्या वर बाटल्या लागतील. पानातून दिलेलं जमिनीत अडकत नाही, म्हणून ग्रॅमाला ग्रॅम जास्त लागू पडतं हे खरं, पण इतक्या पटीनं नाही. फवारणी म्हणून चालते, पोत्याच्या जागी नाही. आणि फवारायचंच तर साध्या डीएपीचं २ टक्के द्रावण आहेच: ४ किलो डीएपी रात्री दहा-पंधरा लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी वरचं निवळ फडक्यातून गाळा, २०० लिटर करा, एकरभर. तूर-हरभऱ्याला फुलकळीच्या वेळी. खर्च १०८ रुपये. गाळलं नाही तर नोझल बंद पडतं, आणि भर दुपारी मारलं तर पानांच्या कडा करपतात. एका वस्तूसाठी दुसरी सक्तीनं घ्यायला लावणं चालत नाही, रयत संपर्क केंद्रात लेखी द्या.

मलप्रभाकाठ

वर सगळं काळ्या रानाचं चाललंय. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची किंवा बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेची तांबडी जमीन असलेल्यांनी ते जसंच्या तसं उचलू नये.

इकडे सामू साडेपाच-सहा. स्फुरद अडवणारा चुना नसून लोह आणि ॲल्युमिनियम असतात. कार्ड ब्रेच्या पद्धतीचं हवं. आणि इथं एक वस्तू चालते जी निपाणीला चालणार नाही: रॉक फॉस्फेट, दळलेला फॉस्फेटचा दगड. आम्लारी ओलीत तो हळूहळू विरघळतो. सामू ८ च्या रानात टाकला तर रेती टाकल्यासारखा, वर्षानुवर्षं तसाच. पुष्कळ जण ‘सेंद्रिय स्फुरद’ म्हणून काळ्या रानात टाकतात. पैसे मातीत गाडले जातात, दुसरं काही नाही. आमच्याकडे पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी, मातीत चांगला मिसळून, शेणखत किंवा ताग गाडताना त्याच्याबरोबर द्यायचा. ओळीत नको. सुपरला उलट नियम, ते ओळीत, कारण जितकी जास्त माती लागेल तितकं जास्त अडकतं. दगडाला जितकी जास्त आम्लारी माती लागेल तितकं बरं. काजू-आंब्याच्या आळ्यात तर उत्तम, तिथं घाई नसते.

भाताचं वेगळं. पाणी साचलं की जमिनीतला हवेचा अंश संपतो, गंजलेल्या लोहाचं रूप बदलतं आणि त्यानं धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं. म्हणून चिखलणीच्या भाताला स्फुरदाची ददात कमी दिसते. धूळवाफेवर पेरलेल्या भाताला मात्र पहिला महिना कोरडाच, तेव्हा थोडं स्फुरद बियाच्या ओळीत हवंच. भात निघालं, रान वाळलं, की तेच लोह पुन्हा स्फुरद धरतं. त्याच वेळी आपण मसूर, हरभरा पेरतो आणि त्याला काहीच देत नाही. भाताला दोन पोती देऊन कडधान्याला उपाशी ठेवण्याऐवजी एक इकडे, एक तिकडे करा.

रताळ्याला जास्त स्फुरदाची गरज नाही. त्याला पालाश बघा.

अथणी_ठिबक

ऊस ठिबकवर असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

ठिबकमधून डीएपी नको. पूर्ण विरघळत नाही, वरचा लेप आणि गाळ राहतो. द्रावणाचा सामू ८ च्या आसपास जातो, आणि आमच्या भागातल्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आधीच भरलेलं. दोघं मिळून ड्रिपरमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा दगड बनतो. १२:६१:० हे विरघळणारं खत वापरा, त्याचं द्रावण आम्लारी असतं. ०:५२:३४ पण चालतं, महाग पडतं.

नळीत सोडायच्या आधी बरणीत बघा. काचेच्या बरणीत एक लिटर तुमचंच बोअरचं पाणी, त्यात ज्या प्रमाणात सोडणार त्याच प्रमाणात खत, ढवळून दोन तास ठेवा. पाणी दुधाळ झालं किंवा तळाला साका बसला तर तसं सोडू नका. आधी पाणी थोडं आम्ल करून घ्या, फॉस्फोरिक आम्लानं, मग पुन्हा बरणी.

कॅल्शियम नायट्रेट ज्या दिवशी, त्या दिवशी स्फुरद नाही. मॅग्नेशियम सल्फेटलाही तेच. एका टाकीत तर कधीच नाही. खत सोडून झालं की पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी.

पूर्ण ३० किलो स्फुरद १२:६१ नं द्यायचं तर ४९ किलो लागतं, २५ किलोच्या दोन गोण्या. खिशाला सोसत नाही. अर्धं लागणीला सरीत सुपरनं, राहिलेलं पहिल्या चार महिन्यांत ठिबकनं. नंतर स्फुरद देण्यात अर्थ नाही. ऊस फुटवे आणि मुळं धरताना ते घेतो, कांडी वाढताना मागणी नत्र-पालाशची.

ड्रिपर बसलेच असतील तर आम्लाची प्रक्रिया: शेवटच्या ड्रिपरमधून निघणाऱ्या पाण्याचा सामू ४ येईल एवढं हायड्रोक्लोरिक आम्ल, काही तास नळ्यांत थांबवायचं, मग टोकं उघडून धुऊन काढायचं. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. हातमोजे, चष्मा.

गाळप_हंगाम

साखर कारखान्याच्या मळीचं (प्रेसमडचं, मोलॅसिसचं नव्हे) कुणी बोललं नाही, आणि या जिल्ह्यात स्फुरदाचा सगळ्यात मोठा ढीग तिथं पडलेला असतो.

उसाच्या रसात मुळातच फॉस्फेट असतं. रस निवळायला चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला चुना) घालतात. चुना आणि फॉस्फेट मिळून जो गाळ खाली बसतो तो रसातली घाण घेऊन बसतो. रसात फॉस्फेट कमी असेल तर कारखाना वरून फॉस्फोरिक आम्ल घालतो, कारण त्याशिवाय रस नीट निवळत नाही. तो गाळ म्हणजे प्रेसमड, आपली मळी. तुमच्या रानातून गेलेलं बरंचसं स्फुरद साखरेत जात नाही, मळीत जातं.

गाळलेल्या उसाच्या ३ ते ४ टक्के ओली मळी निघते, तिच्यात सत्तर टक्क्यांपर्यंत पाणी. कोरड्या वजनावर स्फुरद दोन टक्क्यांच्या आसपास, कारखान्यागणिक पुढं-मागं. कुजवलेली मळी एकरी चार टन दिली तर चाळीस-पन्नास किलो स्फुरद येतं, सावकाश सुटणारं. तेवढी दिली त्या वर्षी डीएपी अजिबात नको, वरचं एक पोतंसुद्धा.

ताजी मळी थेट सरीत भरू नका. ती आतून तापते, तिच्यात मेण असतं, पाणी आत शिरू देत नाही. वर कुजताना नत्र खाते, आणि कोंब पिवळे पडतात. दोन ते तीन महिने कुजवून, दोनदा पालथी करून, वास मातीसारखा आला की घ्या. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) शिंपडून केलेलं कंपोस्ट असेल तर क्षारता विचारा. कृष्णाकाठच्या पाणी धरणाऱ्या, चोपण व्हायला लागलेल्या रानात ते टाळलेलंच बरं.

हल्ली पुष्कळशी मळी बायोगॅस प्रकल्पाकडे जाते. गॅस निघाला तरी स्फुरद गॅसात जात नाही, मागं उरणाऱ्या चोथ्यात राहतं. तो मिळतो का ते बघा.

फॉस्फेट_वाचक

राहिला चौथा प्रश्न, खाणींचा.

‘तीस वर्षांत’ हा आकडा २००९ च्या सुमारास पुढं आलेल्या एका मांडणीतून पसरला. त्यात २०३३ च्या आसपास जगाचं उत्पादन शिखर गाठून उतरेल असं म्हटलं होतं. तेव्हा खणण्याजोगा साठा १६ ते १८ अब्ज टन धरत. २०१० मध्ये मोरोक्कोच्या खाणींचा अंदाज नव्यानं झाला आणि जगाचा साठा ६० अब्जांवर गेला, आता तो ७० अब्ज टनांच्या वर धरतात. वर्षाला खणतात वीस-पंचवीस कोटी टनांच्या दरम्यान. भागाकार केला तर तीनशे वर्षांच्या आसपास येतं. तेव्हा दगड उद्या संपत नाही.

पण त्या ७० पैकी ५० अब्ज एकट्या मोरोक्कोच्या (पश्चिम सहारासकट) हातात. खणण्यात चीन पहिला, आणि २०२१ पासून तो निर्यात आवळत आलाय. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटरा, मध्य प्रदेशात झाबुआ आणि सागर, मुख्य म्हणाव्यात अशा खाणी एवढ्याच. दगड, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी, कुठल्या ना कुठल्या रूपात बहुतेक सगळं बाहेरून येतं. २००७-०८ मध्ये दगडाचा भाव टनाला ५० डॉलरच्या आसपास होता तो ४३० वर गेला, आठपटीहून जास्त. खाण एकही आटली नव्हती. डीएपीला दगडाशिवाय गंधकाम्ल आणि अमोनिया लागतो, म्हणजे गंधक आणि गॅस महागला तरी पोतं महागतं. तुमची रांग याच साखळीचं टोक आहे.

नत्राला पर्याय आहे, हवेतून काढता येतं. स्फुरदाला पर्यायी मूलद्रव्य नाही. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँडनं ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते माणसाच्या मुतातून, सोनं करायला निघाला होता. गोठ्यातलं शेणपाणी गटारीला सोडणाऱ्यानं डीएपीच्या रांगेत उभं राहावं, हे मला तरी विचित्र वाटतं.

साठ्याचं म्हणाल तर दोन वर्षांची डीएपी घरात ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पोतं ओल धरतं, दगड बनतं. एका हंगामाची ठेवायची तर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. खरा दोन वर्षांचा साठा तुमच्या उसाच्या रानात आहेच, तो ६८.

निपाणी_शिवार

मग उसाला तीन-चार वर्षं स्फुरद पूर्ण बंद केलं तर? आणि ते स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, ते ठेव सोडवतं काय?

माती_पाणी

पूर्ण बंद नको. थंडीत किंवा फार ओलीत मुळं आखूड असतात, तेव्हा कोंबाला हाताशी थोडं लागतं. एक पोतं त्यासाठी. दोन वर्षांनी पुन्हा तपासा, ५७ च्या खाली आलं की ३० ची पूर्ण मात्रा.

जिवाणू खत सेंद्रिय आम्लं सोडून थोडं स्फुरद मोकळं करतं. चुनखडी भरपूर असली की ती आम्लं चुनाच पिऊन टाकतो, त्यामुळं पाव हिस्सा वाचेल ही अपेक्षा सुद्धा कर्ब चांगला असलेल्या रानातच धरावी. तुमच्या रानांत तो ०.४८ आणि ०.५६च आहे, आधी उसात पाचट कुट्टी करून सरीत ठेवा. सोयाबीनच्या बियाला लावायचं तर दहा किलोला २५० ग्रॅम, रायझोबियमबरोबर, सावलीत. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर जिवाणू शेवटी. क्रम उलटा केला की जिवाणू मेले.

आणि पुढच्या वेळी नमुना घेताना सरीत खत पडलेल्या ओळीतून घेऊ नका, तिथला आकडा दुप्पट येतो. खोडवा निघाल्यावर, नांगरटीच्या आधी, खत देऊन तीन महिने झाल्यावर. एकरात आठ-दहा जागा, काही सरीतल्या, काही वरंब्यावरच्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा सोडून. खुरप्यानं वीतभर खोल ‘व्ही’सारखा खड्डा, एका बाजूनं वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची खाप. सगळी घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. आणि पिशवी नवी घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यात भरून आणलेले नमुने येतात, त्यांचा अहवाल मातीचा नसतो, पोत्याचा असतो.